मग लिफ्ट कधी बंद होणार?

३ जानेवारी

प्रिय मावशी,

तुझ्या घशाला आराम पडो. हे आधी लिहायचं असतं म्हणून लिहिलं, आता माझं ऐक. मी मेले. अगदी साफ मेले.

काल आमच्या देखभाल विभागाच्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "या महिन्याच्या बैठकीत व्यवस्थापन समितीपुढे लिफ्टचं प्रेझेंटेशन तू करायचंस." मी म्हटलं, "सर, मी?" म्हणाले, "तपासणी तू केलीस ना? मग तूच." आणि त्यांनी फोन कानाला लावला. विषय संपला.

तुला आमचं कॉलेज माहीतच आहे. आठ मजली इमारत आणि लिफ्ट एकच. डिसेंबरात मी लिफ्टच्या मेकॅनिकबरोबर वरच्या मशीनच्या खोलीत गेले होते. लिफ्टचा ब्रेक म्हणजे मोटारीचं चाक दोन्ही बाजूंनी घट्ट धरणारे दोन जबडे. त्या जबड्यांना आतून जाड अस्तर असतं, त्याला लायनर म्हणतात. आमच्या लिफ्टचं ते लायनर झिजून संपत आलंय. दार उघडं असताना लिफ्ट हळूच बोटभर खाली सरकते, मी डोळ्यांनी बघितलं. मेकॅनिक म्हणाला, "मॅडम, ही आज थांबतेय. उद्याचं मी सांगत नाही." तो सबंध जुना ब्रेकच बदलायला हवा, नुसतं लायनर घालून आता भागणार नाही. नवा मागवून बसवायला दीड-दोन महिने. तोवर लिफ्ट बंद ठेवायला हवी. पण बंद करायचा अधिकार माझा नाही, साहेबांचाही नाही, समितीचा आहे. म्हणजे मी त्यांना पटवलं तर लिफ्ट बंद होणार, नाही पटवलं तर रोज सगळं कॉलेज त्या लिफ्टमधून वर-खाली करत राहणार. सरकारी तपासनिसांना साहेबांनी कळवलंय, पण ते मार्चमध्ये येणार.

आणि मला माणसांसमोर उभं राहिलं की काय होतं ते तुला सांगायला नको. शिकत असताना सेमिनारला मी सगळा वेळ वर्गाकडे पाठ करून फळ्याशी बोलले होते. सरांनी शेरा दिला होता, "फळ्याला विषय नीट समजला." अजूनही घरात सगळे हसतात.

तेव्हा आता तूच वाचव. तू इतक्या पोरांना सेमिनारसाठी, इंटरव्ह्यूसाठी तयार केलंस, घरच्या भाचीला कोरडी ठेवलीस. फोनवर बोलायची तुला बंदी आहे आणि मेसेज टाइप करताना तू "ळ" शोधत अर्धा तास घालवतेस, म्हणून पत्र. लगेच लिही.

तुझी घाबरट,
भिंगरी

७ जानेवारी

भिंगरे,

मेलीस तर पत्र कोणी लिहिलं? रडगाणं पुरे.

आधी एक लक्षात घे. उभा जन्म मी विमानतळावर घोषणा करण्यात घालवला. विमान रद्द झाल्याचं मी अशा आवाजात सांगायची की लोक काउंटरवर येऊन "थँक यू" म्हणून जायचे. खोटं वाटत असेल तर काकांना विचार. आवाजात भीती दिसली की समोरचा माणूस बिथरतो, आणि बिथरलेला माणूस ऐकत नाही. आमच्या धंद्याचं हे पहिलं बाळकडू.

तर तू काय करायचंस. दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभी राहा, एका पायावर डुलू नकोस, तुझी ती जुनी खोड आहे. पडद्यावर लिहिलेलं वाचून दाखवायचं नाही, त्यांनाही वाचता येतं. एका पडद्यावर चार-पाच शब्द, बाकी तू बोलायचं. समितीतले तीन चेहरे निवड, एक डावीकडचा, एक उजवीकडचा, एक मधला, आणि आळीपाळीने त्यांच्याशीच बोल, म्हणजे सगळ्यांना वाटेल की माझ्याशीच बोलतेय. वाक्य संपलं की थांब. "म्हणजे, म्हणजे" करत गाडी ढकलू नकोस. आरशासमोर रोज सराव कर, आणि मोठ्याने कर, मनातल्या मनात सगळेच मोठे वक्ते असतात.

आणि आता सगळ्यात मोलाचं सांगते, जे मी फी घेतल्याशिवाय कोणाला सांगत नाही. वाईट बातमी नेहमी मध्ये ठेवायची. आधी काहीतरी चांगलं, शेवटी काहीतरी चांगलं. आणि वाईट सांगताना आवाज खाली, गती सावकाश, चेहऱ्यावर हसू. कोणाला घाबरवायचं नाही. माणूस शांत राहिला तरच तो शहाण्यासारखा निर्णय घेतो.

माझ्या घशाचं म्हणशील तर मजेत आहे. ऑपरेशननंतर परवा डॉक्टरांकडे जाऊन आले. काय बोलतो गं तो माणूस! समोर बसवून स्क्रीनवर माझ्याच घशाची रंगीत चित्रं दाखवली, एकेक गोष्ट इतक्या गोडीनं समजावली की मी म्हटलं, हा माझ्या क्लासचा विद्यार्थी शोभला असता. म्हणजे म्हटलं नाही, पाटीवर लिहिलं. तो खूप हसला. सगळं छान आहे. तूर्त बोलायचं नाही, एवढंच. काका खूश आहेत, घरात इतकी शांतता त्यांनी लग्नानंतर प्रथमच बघितली.

सराव कर.

मावशी

२४ जानेवारी

माझी लाडकी, गुणाची, जगात भारी मावशी,

टाळ्या! समितीनं टाळ्या वाजवल्या!

मला अजून खरं वाटत नाही. आधी वाटलं, आजारी पडल्याचं सांगून पळून जावं. पण उभी राहिले, दोन्ही पायांवर. तीन चेहरे निवडले, अध्यक्ष, सचिव बाई आणि आमचे हिशेबनीस. सुरुवात केली ती तू सांगितलंस तशी, "आपली लिफ्ट वर्षानुवर्षं विश्वासाने सगळ्यांची सेवा करत आली आहे." अध्यक्षांनी मान हलवली. त्यांचे गुडघे दुखतात, काठी घेऊन चालतात, त्यांचा तर लिफ्टवर फार जीव. मग मोटार, दोर, दारं, बटणं. मग ब्रेक. ब्रेकचं सांगताना मी आवाज इतका खाली आणला आणि अशी हसले की माझं मलाच कौतुक वाटलं. मग बाकीचे भाग, आणि शेवटी, "योग्य काळजी घेतली तर ती पुढेही अशीच सेवा देत राहील." एकदाही अडखळले नाही. एकदाही "म्हणजे" म्हटलं नाही!

अध्यक्ष म्हणाले, "इतकं सुंदर प्रेझेंटेशन या खोलीत झालेलं आठवत नाही." सचिव बाई म्हणाल्या, रंग छान निवडलेत. साहेबांनी सगळ्यांदेखत पाठ थोपटली. आणि कहर म्हणजे, इतर विभागातल्या लोकांना प्रेझेंटेशन कसं करायचं ते मी शिकवावं असं ठरलं. मी! फळ्याशी बोलणारी!

आईला फोन केला तर ती रडायलाच लागली. तुला काय हवं ते माग.

तुझी (आता घाबरट नसलेली),
भिंगरी

२८ जानेवारी

भिंगरे,

तुझं पत्र मी काकांना वाचायला दिलं आणि समोर बसून त्यांचा चेहरा बघत राहिले. त्यांनी चष्मा पुसला. याहून जास्त ते कशावरच बोलत नाहीत. मी मात्र दिवसभर घरभर नाचले. आवाज असता तर गल्लीला ऐकवलं असतं.

मला काय हवं? एक चांगली पाटी हवी. ही जुनी पाटी पुसता पुसता पांढरी पडलीय, लिहिलेलं दिसत नाही आणि काका मुद्दाम चुकीचं वाचतात. "भाजी आणा" लिहिलं तर "भांडी घासा" वाचलं म्हणतात आणि खरंच घासायला बसतात. त्यात माझं नुकसान नाही म्हणा.

घसा छान आहे. डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं होतं. पुन्हा ती रंगीत चित्रं, पुन्हा ते हसू. येताना मी इतकी आनंदात होते की रिक्षावाल्याला सुट्टे परत मागायचे विसरले.

बरं, एक राहिलं. टाळ्या झाल्या, कौतुक झालं, शिकवणीही मिळाली. मग लिफ्ट कधी बंद होणार? ते तू लिहिलंच नाहीस.

मावशी

३१ जानेवारी

मावशी,

तुझं पत्र ऑफिसात उघडलं. शेवटची ओळ पुन्हा पुन्हा वाचली. खरंच, लिफ्ट कधी बंद होणार, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. आणि मीही विचारलं नव्हतं! आठवडाभर मी टाळ्यांच्या धुंदीत होते आणि त्याच लिफ्टनं वर-खाली जात होते. सगळं कॉलेज जात होतं.

तशीच उठून सचिव बाईंकडे गेले. म्हटलं, "बाई, लिफ्ट कधीपासून बंद?" त्या म्हणाल्या, "बंद? का गं? काय झालं?" मी म्हटलं, "ब्रेक, बाई. मी सांगितलं ना." त्या म्हणाल्या, "तू तर म्हणालीस लिफ्ट चांगली आहे."

मावशी, मी तिथेच खुर्चीत बसले. मग हिशेबनिसांना गाठलं. त्यांना विचारलं, माझ्या बोलण्यातलं काय आठवतंय? ते म्हणाले, "तो निळा-नारिंगी तक्ता. फार देखणा होता." नारिंगी म्हणजे ब्रेक होता! संपत आलेला ब्रेक मी देखणा करून दाखवला होता.

शेवटी धीर करून अध्यक्षांकडे गेले. ते म्हणाले, "तुम्हीच म्हणालात ना, वर्षानुवर्षं विश्वासाने सेवा करत आली आहे, आणि पुढेही करील?" शब्दन् शब्द पाठ होता त्यांना, पहिला आणि शेवटचा. मधलं कुठे गेलं? मी म्हटलं, "सर, मध्ये मी म्हणाले होते की लिफ्ट आत्ता बंद करायला हवी." ते जरा वैतागले. म्हणाले, "आत्ता प्रॅक्टिकल परीक्षा तोंडावर आल्यात. इतकं छान बोललात आणि आता एकदम घाबरवताय? पुढच्या बैठकीत बघू."

आणि मी काय केलं माहितीये? मी हसले. तू शिकवलेलं ते हसू माझ्या तोंडावर आपोआप आलं आणि मी "ठीक आहे सर" म्हणून बाहेर पडले. बाहेर आल्यावर स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

सगळ्यांनी ऐकलं आणि कोणीच ऐकलं नाही, असं कसं झालं गं?

भिंगरी

४ फेब्रुवारी

भिंगरे,

तुझं पत्र वाचून मी अवाक झाले. अवाक तर मी आहेच सध्या, पण हे निराळंच. इतकी मोठी, शिकली-सवरलेली माणसं, समोर उभं राहून सांगितलेलं त्यांना कळत नाही? कान आहेत की भिंतीतली भोकं?

पण तू माझ्या शिकवणीवर घसरू नकोस. तुझ्या पत्रातून तसा वास येतोय. याच पद्धतीनं मी हजारो प्रवाशांना सांभाळलं. दोष ऐकणाऱ्यांचा आहे. तू पुढच्या बैठकीत पुन्हा सांग, आणखी सावकाश, आणखी गोड. चिडलीस तर बाजी हरलीस म्हणून समज. तोवर तू स्वतः जिन्यानं जा, आणि मैत्रिणींनाही सांग.

काकांनी पत्र वाचलं आणि काहीच बोलले नाहीत. चष्माही पुसला नाही. मला ते आवडलं नाही.

मावशी

१३ फेब्रुवारी

मावशी,

लिफ्ट घसरली.

घाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तर माफ कर. काल दुपारी मी तळमजल्यावर स्टोअरमध्ये होते. आधी एक लांबलचक घासल्याचा आवाज आला, मग धाडकन. भिंत हादरली. मी बाहेर पळाले. लिफ्टचं दार बंद आणि आतून कोणीतरी "अगं आई गं, अगं आई गं" करतंय. आमच्या ग्रंथपाल बाई होत्या. पुस्तकांची ढकलगाडी घेऊन दुसऱ्या मजल्यावर निघाल्या होत्या. लिफ्ट दुसऱ्यावर थांबली, दार उघडायच्या आत सुटली आणि थेट खालच्या खड्ड्यातल्या स्प्रिंगांवर जाऊन आदळली. ढकलगाडी त्यांच्या अंगावर आली. मनगट मोडलं, कपाळाला खोक पडली. मेकॅनिक येईपर्यंत मी दाराच्या फटीतून त्यांच्याशी बोलत होते. त्या आतून म्हणाल्या, "तुम्हीच का त्या? फार छान बोललात म्हणे बैठकीत."

मावशी, मी सारखा एकच विचार करतेय. दुसऱ्या मजल्यावरून निभावलं. आठव्यावरून असती तर? आत परीक्षेला आलेली मुलं असती तर?

मला वाटलं, आता तरी डोळे उघडतील. आज सकाळी अध्यक्षांनी बोलावलं. म्हणाले, "ढकलगाडीचं वजन जास्त झालं, त्यामुळे झालं. ढकलगाडी बंद. ब्रेक कसून घेतला की सोमवारपासून लिफ्ट चालू." मी म्हटलं, "सर, झिजलेलं लायनर कितीही कसलं तरी—" त्यांनी हात वर केला. म्हणाले, "पुढच्या शनिवारी आठव्या मजल्यावरच्या सभागृहात पालकांची सभा आहे. बातमी बाहेर गेलीय, पालक विचारणार. त्यांच्यासमोर तुम्ही बोलायचं, लिफ्ट सुरक्षित आहे म्हणून. तुमच्यासारखं शांतपणे दुसऱ्या कोणाला जमणार नाही. शुक्रवारी समितीसमोर तालीम करून दाखवा."

ऐकलंस? मला! जिनं सांगितलं की ब्रेक गेलाय, तिलाच! माझा आवाज त्यांना हवाय, मी म्हणते ते नको आहे. साहेबांकडे गेले तर ते खाली बघून म्हणाले, "नोकरी तुझी नवीन आहे, नीट विचार कर." तपासनिसांना मी पुन्हा कळवलं, ते मार्चच म्हणतात.

नाही म्हटलं तर दुसरं कोणीतरी जाऊन तेच बोलेल. हो म्हटलं तर शनिवारी शेकडो पालक त्या लिफ्टनं आठव्या मजल्यावर चढतील, माझ्या शब्दावर. मला काहीच सुचत नाही. तू सांग. पण आणखी गोड बोल म्हणून सांगू नकोस, पाया पडते.

भिंगरी

१६ फेब्रुवारी

भिंगरे,

माझा आवाज परत येणार नाही.

हे आधी वाच, पुन्हा एकदा वाच, मग पुढे जा. मुद्दाम सगळ्यात वर लिहिलंय.

तुझं पत्र आलं तेव्हा मी चहा गाळत होते. वाचलं आणि गाळणं हातातून पडलं. काकांनी पत्र उचललं, वाचलं, घडी घातली. मग कधी नव्हे तो त्यांनी मला प्रश्न विचारला, "तुझा आवाज कधी येणार?" मी पाटीवर लिहिलं, "डॉक्टर म्हणाले सगळं छान." ते म्हणाले, "ते वाचलं मी. आवाज कधी येणार, त्याबद्दल काय म्हणाले?"

मी पाटीवर लिहायला गेले आणि खडू हातात तसाच राहिला. मला आठवेना! दोनदा जाऊन आले, तासभर ऐकलं, माना डोलावल्या, रंगीत चित्रं आठवत होती, त्याचं हसू आठवत होतं, "तुम्ही फार धीराच्या पेशंट आहात" हे पहिलं वाक्य आणि "जखम सुरेख भरतेय" हे शेवटचं वाक्य आठवत होतं. मधलं काही म्हणजे काही आठवेना.

काकांनी तिथल्या तिथे डॉक्टरांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. डॉक्टर म्हणाले, "मी दोन्ही वेळा सांगितलं की त्यांना. पूर्वीसारखं बोलणं आता शक्य नाही, फार तर थोडं कुजबुजता येईल." आणि हे सांगतानासुद्धा आवाज इतका गोड, इतका शांत, की भिंगरे, मी तो लगेच ओळखला. तो माझाच आवाज होता. विमान रद्द झाल्याचं मी अशीच सांगायची. लोक "थँक यू" म्हणून जायचे, आणि पुढे काय करत असतील, देव जाणे. बाकावर बसून त्याच विमानाची वाट बघत असतील.

त्यानंतर कालचा सबंध दिवस मी कोणाला तोंड दाखवलं नाही. खूप रडले. रडण्यालाही आवाज लागतो गं, तो नसला की कसंनुसंच होतं. आज उठून लिहायला बसले, कारण तुझा शुक्रवार माझ्या रडण्यासाठी थांबणार नाही.

त्या डॉक्टरचा मला राग नाही. त्याला मला दुखवायचं नव्हतं, जसं तुला समितीला दुखवायचं नव्हतं. पण ऐकणाऱ्याच्या खुर्चीत बसल्यावर मला जे कळलं ते सांगते. माणसाला वाईट ऐकायचं नसतं. त्याला दोन्ही बाजूंनी गोडाची पळवाट दिली की तो त्या वाटेनं जातो आणि मधलं तिथेच पडून राहतं. मी ते तुला उलटं शिकवलं. दोष समितीच्या कानांचा नव्हता, माझ्या शिकवणीचा होता. तुझ्या मागच्या पत्राला मी वाकडं उत्तर दिलं, ते मागे घेते.

आता नीट ऐक. दोन पायांवर उभी राहा, वाचून दाखवू नकोस, वाक्य संपलं की थांब. एवढं राहू दे, ते बरोबर आहे. बाकी सगळं पुसून टाक. वाईट ते पहिल्याच वाक्यात सांग, आणि शेवटही त्यानेच कर. हसू नकोस. चित्रं नकोत, खरी वस्तू ने, हातात देता येईल अशी. आणि सांगून झालं की गप्प बस. मधली शांतता तू भरू नकोस, ती त्यांना भरू दे. तुझा आवाज कापला तर कापू दे. भीती वाटण्यासारखी गोष्ट आहे, तर ती वाटली पाहिजे.

नोकरीचं म्हणशील तर मला तुझी काळजी आहे, नाही कशी म्हणू? पण शनिवारची मला जास्त आहे.

मावशी

२२ फेब्रुवारी

मावशी,

तुझी पहिली ओळ मी आईलाही अजून सांगू शकलेले नाही. पत्र हातात धरून मी बसूनच राहिले. तुझा आवाज येणार नाही, म्हणजे काय? मला शाळेत न्यायला यायचीस तेव्हा फाटकातून मारलेली ती हाक येणार नाही? त्यावर मला आत्ता लिहिता येत नाही. समोर बसून बोलेन.

काल शुक्रवार होता. समिती तालमीसाठी आठव्या मजल्यावरच्या सभागृहात जमली. सगळे लिफ्टनंच वर आले, हसत-बोलत. मी जिन्यानं चढले आणि धापा टाकत होते. प्रोजेक्टर लावून ठेवला होता, मी तो सुरूच केला नाही.

मेकॅनिककडून मी नवं लायनर मागून आणलं होतं. ते टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, "आपल्या लिफ्टचा ब्रेक संपलाय. ती पुन्हा पडेल. या वेळी कुठून आणि कोणाला घेऊन, ते मला माहीत नाही." आवाज कापला. कापू दिला.

मग ते लायनर हिशेबनिसांच्या हातात दिलं. म्हटलं, "नवं एवढं जाड असतं, पेन्सिलीएवढं." त्यांनी ते सचिव बाईंना दिलं, बाईंनी अध्यक्षांना. अध्यक्षांचं व्हिजिटिंग कार्ड टेबलावर होतं. ते मी उचललं, आडवं धरून सगळ्यांना कड दाखवली आणि म्हटलं, "आपलं एवढं उरलंय. ग्रंथपाल बाई यावर होत्या. उद्या पालक यावर असतील. लिफ्ट आत्ता बंद करा." आणि खाली बसले.

कोणी काही बोलेना. मावशी, ती शांतता भरून काढायचा मला इतका मोह झाला! जीभ चावून बसले.

शेवटी अध्यक्ष म्हणाले, "उद्या पालकांसमोर हे असं बोलणार तुम्ही?" मी म्हटलं, "हो सर. हेच बोलेन." ते लाल झाले. म्हणाले, "मागच्या वेळी किती छान बोलला होतात. याला प्रेझेंटेशन म्हणत नाहीत. उद्या तुम्ही येऊ नका, दुसरी व्यवस्था करू. बैठक संपली."

वाटलं, संपलं, नोकरी गेली आणि लिफ्टही चालू राहिली. टाळ्या तर सोडाच, कोणी माझ्याकडे बघेना. सगळे आपापल्या पिशव्या, फायली उचलून बाहेर पडले. मीही मागून निघाले.

बाहेर लिफ्ट उभी होती, जशी ते सोडून आले होते तशीच, दार उघडं, आत दिवा लागलेला. हिशेबनीस सगळ्यांत पुढे होते. ते दारापर्यंत गेले आणि थांबले, खिशात काहीतरी शोधायला लागले. सचिव बाई त्यांच्या मागे थांबल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढे." ते म्हणाले, "नाही, नाही, तुम्ही व्हा." माझे साहेब भिंतीवरचा वेळापत्रकाचा कागद वाचत उभे राहिले. सगळी समिती त्या उघड्या दारासमोर घोळका करून उभी, आणि आत कोणी पाऊल टाकेना.

मग काठी टेकत अध्यक्ष आले. रागातच होते. "वाट द्या," म्हणाले आणि सरळ लिफ्टकडे गेले. काठी आत टेकली. एक पाय उचलला. तेवढ्यात लिफ्ट हलली, अगदी बोटभर, तशी ती नेहमीच हलते. त्यांनी खाली बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. पाय मागे घेतला, काठी मागे घेतली आणि हळूच विचारलं, "जिना कुठल्या बाजूला आहे?"

इतकी वर्षं त्या इमारतीत येतात आणि त्यांना जिना माहीत नव्हता.

साहेबांनी त्यांचा हात धरला. सगळे त्यांच्या मागे उतरायला लागले, एकेक पायरी. दोन मजले खाली गेल्यावर जिन्यातून अध्यक्षांचा आवाज आला, धापा टाकत, "मॅडम, तिचा वीजपुरवठा तोडा. आणि पालकांना कळवा, सभा तळमजल्यावर."

मी वर मशीनच्या खोलीत गेले आणि मुख्य स्विच खाली ओढला. खाली येऊन बघितलं, लिफ्टमधला दिवा विझला होता. मग तिथेच पायरीवर बसून मी हमसून हमसून रडले, लिफ्टसाठी थोडं आणि तुझ्यासाठी पुष्कळ.

आज सभेला मला कोणी बोलावलं नाही. नोकरीचं सोमवारी कळेल. काहीही कळलं तरी पुढच्या रविवारी मी तुझ्याकडे येतेय. नवी पाटी घेतलीय, मोठी. तू लिही, मी मोठ्यानं वाचते, काकांना बदलून वाचू देणार नाही. आणि दार उघडल्यावर आधी हसून चहा विचारू नकोस. आधी तुला कसं वाटतंय ते खरं लिही. चहा नंतर.

भिंगरी